मनुष्यबळ व्यवस्थापनाचे ऑनलाइन धडे : जव्हार-मोखाड्याच्या हजेरीवहीतून

दिवाळी सरली, भाताची झोडणी आटोपली, की जव्हार आणि मोखाडा तालुक्यांतील पाड्यापाड्यांतून बिऱ्हाडे बाहेर पडू लागतात. भिवंडी, वसई, कल्याण परिसरातील वीटभट्ट्या आणि बांधकामे ही त्यांची नेहमीची ठिकाणे होत. काही कुटुंबे गुजरातच्या सीमेपलीकडेही जातात. पावसाळ्याच्या तोंडावर ती परततात. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याच्या विभाजनातून पालघर जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा हे दोन्ही डोंगराळ तालुके नव्या जिल्ह्यात आले. २०११ च्या जनगणनेनुसार जव्हार तालुक्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ४० हजार, तर मोखाड्याची सुमारे ८३ हजार होती. दोन्हीकडे दर दहा रहिवाशांपैकी नऊहून अधिक जण अनुसूचित जमातींचे आहेत. वारली, कोकणा, ठाकूर आणि कातकरी या येथील प्रमुख जमाती होत.

महानगराच्या परिघातील उद्योगांना एवढे मनुष्यबळ पुरविणाऱ्या या भागात ‘मनुष्यबळ व्यवस्थापन’ हा विषय मात्र परका वाटतो. वातानुकूलित कार्यालयातील ‘एचआर’ विभाग, मुलाखती आणि पगारवाढीची पत्रे एवढेच त्याचे चित्र डोळ्यांपुढे येते. वास्तविक कोणी किती दिवस काम केले, त्याचा दर काय ठरला, आगाऊ रक्कम किती दिली आणि शेवटी हातात किती पडले, या चार प्रश्नांची नीट नोंद ठेवणे हा या शास्त्राचा पाया आहे. तो पाया आज घरबसल्या, व्यावसायिकांच्या ऑनलाइन समूहांतून आणि सामायिक कामाच्या साधनांतून शिकता येतो. मात्र तेथे मिळालेली माहिती आपल्या भोवतालच्या खऱ्या नोंदींवर ताडून पाहिली, तरच तिचे ज्ञानात रूपांतर होते. जव्हार-मोखाड्याच्या पदवीधरांना त्यासाठी दूर जावे लागत नाही.

जॉबरपासून कामगार अधिकाऱ्यापर्यंत

या विषयाचा भारतातील इतिहास मुंबईच्या कापडगिरण्यांशी निगडित आहे. गिरणीत कामगारांची भरती करणे, त्यांच्यावर देखरेख ठेवणे, प्रसंगी त्यांना उसने पैसे देणे ही सर्व कामे ‘जॉबर’ करीत असे. कामगाराची नोकरी त्याच्या मर्जीवर अवलंबून असल्याने लाचखोरीला वाव मिळे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांना संघटित केले, आणि १८९० मध्ये रविवारच्या साप्ताहिक सुट्टीची मागणी मान्य झाली. पुढे कामगारविषयक शाही आयोगाने १९३१ च्या अहवालात भरतीचे काम जॉबरच्या हातून काढून स्वतंत्र कामगार अधिकाऱ्याकडे सोपविण्याची शिफारस केली.

मुंबईत १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क ही संस्था सुरू झाली. तिलाच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था हे नाव मिळाले. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले आणि या शिक्षणाला नोकरीचे दार उघडले. १९७० च्या दशकात उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांच्या मार्गदर्शनाखाली लार्सन अँड टुब्रो या कंपनीत मनुष्यबळ विकासाचा स्वतंत्र विभाग उभा राहिला. तेव्हापासून ‘कर्मचारी खाते’ ही जुनी संज्ञा मागे पडत गेली.

थोडक्यात, मध्यस्थाच्या तोंडी कारभाराची जागा लेखी नियमांनी घ्यावी, या गरजेतून हे शास्त्र वाढले. जव्हार-मोखाड्यात मजूर गोळा करणारा मुकादम आणि त्याने हंगामापूर्वी दिलेला बयाणा पाहिला, तर गिरणगावाने सोडविलेला प्रश्न वीटभट्टीवर अद्याप शिल्लक आहे, हे ध्यानात येते.

अभ्यास कोठे करावा?

विषयाची प्राथमिक ओळख पद्धतशीर अभ्यासक्रमातूनच करून घ्यावी. केंद्र सरकारचा ‘स्वयं’ हा उपक्रम जुलै २०१७ मध्ये सुरू झाला. त्यावर तसेच आयआयटींच्या ‘एनपीटीईएल’वर मनुष्यबळ व्यवस्थापन, औद्योगिक संबंध आणि संघटनात्मक वर्तन या विषयांची व्याख्याने विनामूल्य ऐकता येतात. प्रमाणपत्र हवे असल्यास परीक्षेसाठी शुल्क भरावे लागते. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ यांच्यामुळे नोकरी किंवा शेती सांभाळून पदवी घेण्याची सोय झाली आहे. शासकीय कर्मचाऱ्यांसाठी ‘मिशन कर्मयोगी’अंतर्गत ‘आयगॉट’ हे स्वतंत्र व्यासपीठ आहे. त्या मोहिमेला २०२० मध्ये मंजुरी मिळाली.

अभ्यासक्रम तत्त्वे शिकवितो. दैनंदिन अडचणींची उत्तरे व्यवसायातील जाणकारांकडेच मिळतात. त्यासाठी व्यावसायिक संघटना आहेत. कोलकाता आणि मुंबई येथील दोन जुन्या संस्थांच्या विलीनीकरणातून १९८० मध्ये राष्ट्रीय कार्मिक व्यवस्थापन संस्था, म्हणजे ‘एनआयपीएम’ स्थापन झाली. ‘नॅशनल एचआरडी नेटवर्क’ १९८५ पासून कार्यरत आहे. ब्रिटनमधील ‘सीआयपीडी’ची सुरुवात १९१३ मध्ये कामगार-कल्याण कार्यकर्त्यांच्या संघटनेतून झाली, तर अमेरिकेतील ‘एसएचआरएम’ १९४८ ची. या संस्थांची चर्चासत्रे पूर्वी महानगरांतील सभागृहांत होत. आता त्यांतील बरीच इंटरनेटवरून ऐकता येतात. २००३ मध्ये सुरू झालेल्या ‘लिंक्डइन’सारख्या व्यासपीठांवर हजारो मनुष्यबळ अधिकारी भरतीपासून भविष्य निर्वाह निधीपर्यंतच्या प्रश्नांवर मते मांडत असतात.

अशा समूहांत शिकण्याची एक रीत आहे. प्रथम काही आठवडे केवळ वाचावे. एखादा प्रश्न वारंवार येत असेल, तर त्याची जुनी उत्तरे शोधावीत. स्वतः प्रश्न विचारताना आस्थापनेचा प्रकार, कामगारांची संख्या, राज्य आणि घटनेचा काळ या चार गोष्टी सांगाव्यात. ‘पगार कापला तर काय करावे?’ या प्रश्नाला दहा जण दहा उत्तरे देतील. त्याऐवजी ‘महाराष्ट्रातील १५ कामगारांच्या आस्थापनेत नोकरी सोडल्यावर अंतिम हिशेब किती दिवसांत व्हावा?’ असे विचारल्यास नेमके उत्तर मिळते. मिळालेल्या उत्तराला कायद्याच्या कलमाचा आधार आहे की तो केवळ एखाद्या कंपनीचा रिवाज आहे, याची खातरजमा करणे ही विद्यार्थ्याची जबाबदारी होय.

एकत्र काम करण्याची साधने

सामायिक कामाच्या साधनांचे महत्त्व येथेच आहे. गूगल शीट, मायक्रोसॉफ्ट टीम्स, ट्रेलो किंवा स्लॅक ही नावे नवख्यांना दडपून टाकतात. पण त्यांचे तत्त्व सोपे आहे. एकच कागद अनेकांनी आपापल्या ठिकाणाहून भरावा आणि कोणी, केव्हा, काय बदलले याची खूण मागे राहावी, एवढाच त्याचा अर्थ. व्हॉट्सअॅपवरील गटात निरोप वेगाने पोहोचतो, परंतु महिन्याभरापूर्वीचा आकडा शोधणे कठीण जाते. सामायिक तक्त्यात तोच आकडा जागेवर राहतो आणि बदलांचा इतिहासही पाहता येतो. हजेरी, रजा आणि वेतन यांच्या नोंदीत हा फरक निर्णायक ठरतो.

या तत्त्वाचे उदाहरण शासकीय यंत्रणेतही सापडते. स्थलांतर करणाऱ्या गरोदर माता आणि बालकांचा पोषण आहार खंडित होऊ नये, यासाठी महिला व बालविकास विभागाने ‘महाएमटीएस’ ही नोंदप्रणाली आणली. तिचा प्रयोग ज्या जिल्ह्यांत झाला, त्यांत पालघरचा समावेश होता. मूळ गावच्या अंगणवाडीची नोंद स्थलांतराच्या ठिकाणच्या अंगणवाडीला उपलब्ध व्हावी, ही त्यामागील कल्पना. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसरात झालेल्या बालमृत्यूंनी राज्य हादरले होते. त्या भूमीवर अशा नोंदीला केवळ कार्यालयीन महत्त्व नाही. ती तुटली तर एक मूल यंत्रणेच्या नजरेआड जाते.

रोजगार हमीचे हजेरीपत्रक हीच प्रयोगशाळा

मनुष्यबळाच्या विद्यार्थ्याला सहसा एक अडचण येते. कोणतीही कंपनी आपले हजेरीपट आणि वेतनपत्रके बाहेरच्या व्यक्तीस दाखवीत नाही. ग्रामीण भागात मात्र रोजगार हमीच्या रूपाने एक मोठी सार्वजनिक नोंदवही उपलब्ध झाली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेला १९७७ च्या कायद्याचे अधिष्ठान मिळाले. केंद्राचा रोजगार हमी कायदा २००५ मध्ये संमत झाला. त्याखालील जॉब कार्ड, हजेरीपत्रके, कामाचे मोजमाप आणि मजुरी जमा झाल्याच्या तारखा संकेतस्थळावर गावनिहाय प्रसिद्ध होत गेल्या.

या नोंदींवरून मनुष्यबळ व्यवस्थापनाची जवळजवळ सर्व प्रकरणे शिकता येतात. कामाची मागणी म्हणजे मनुष्यबळ नियोजन, हजेरीपत्रक म्हणजे उपस्थिती व्यवस्थापन, मोजमाप म्हणजे कामगिरीचे मूल्यमापन आणि बँकेत जमा होणारी मजुरी म्हणजे वेतन प्रशासन. हजेरीपत्रक बंद झाल्यापासून १५ दिवसांत मजुरी मिळावी, अन्यथा विलंबाच्या प्रत्येक दिवसासाठी ०.०५ टक्के भरपाई द्यावी, असा मनरेगाचा नियम होता. दोन तारखांमधील अंतर मोजून भरपाईचा हिशेब करणे हा पहिल्या महिन्याचा उत्तम स्वाध्याय ठरेल.

डिजिटल हजेरीचे गुणदोषही येथेच कळतात. मोबाइलवरील ‘एनएमएमएस’ या प्रणालीद्वारे दिवसातून दोनदा छायाचित्रासह हजेरी घेणे जानेवारी २०२३ पासून सर्व सामूहिक कामांवर अनिवार्य करण्यात आले. त्यामुळे खोट्या हजेरीला आळा बसेल, अशी अपेक्षा होती. परंतु जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानेच कामाशी संबंध नसलेली छायाचित्रे आणि छायाचित्रांवरून काढलेली छायाचित्रे चढविली जात असल्याचे राज्यांच्या निदर्शनास आणले. साधन कितीही आधुनिक असले, तरी पडताळणी करणारा माणूस नसेल तर नोंद सत्य ठरत नाही, हा धडा कोणत्याही बहुराष्ट्रीय कंपनीच्या हजेरीयंत्रालाही लागू पडतो. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाची जागा घेणारा आणि वर्षाला १२५ दिवसांच्या रोजगाराची हमी देणारा नवा कायदा संमत केला. जुन्या आणि नव्या तरतुदींची तुलना हाही अभ्यासाचा भाग होऊ शकतो.

बयाणा, खर्ची आणि हिशेब

शिकलेल्या विद्येची खरी कसोटी वीटभट्टीच्या हिशेबात आहे. तेथे हंगामापूर्वी बयाणा मिळतो, आठवड्याला खर्ची मिळते आणि अखेरचा हिशेब हंगाम संपताना होतो. एक कल्पित उदाहरण घेऊ. एका जोडप्याने २०,००० रुपये बयाणा घेतला. २४ आठवडे दर आठवड्याला १,००० रुपये, म्हणजे एकूण २४,००० रुपये खर्ची घेतली. विटांचा दर हजारी ८०० रुपये ठरला आणि ८०,००० विटा पाडल्या. एकूण कमाई ६४,००० रुपये झाली. त्यातून ४४,००० रुपये वजा जाता २०,००० रुपये हाती यावयास हवेत.

आता विटांची मोजणी ५५,००० दाखविली गेली, तर कमाई ४४,००० रुपयांवर येते आणि शिल्लक शून्य होते. त्याहून कमी दाखविली, तर कुटुंब उलट कर्जदार ठरते आणि पुढच्या हंगामासाठी बांधले जाते. दुसरी पडताळणी याहून महत्त्वाची आहे. दोन माणसे, २४ आठवडे आणि आठवड्याचे सहा दिवस धरले, तर २८८ मनुष्यदिवस होतात. मोजणी पूर्ण ८०,००० विटांची धरली, तरीही ६४,००० रुपयांना २८८ ने भागल्यास दिवसाकाठी माणशी सुमारे २२२ रुपयेच पडतात. हा आकडा त्या काळात लागू असलेल्या किमान वेतनाशी ताडून पाहिला, की उक्त्या दराखाली काय दडले आहे ते उघड होते.

हा हिशेब केवळ गणिताचा नाही. किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात काम करून घेणे ही घटनेच्या कलम २३ नुसार सक्तीची मजुरी होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने एशियाड क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात १९८२ मध्ये दिला. वेठबिगार पद्धत निर्मूलन कायदा १९७६ पासून अस्तित्वात आहे. ठाणे-पालघरच्या आदिवासी पट्ट्यात विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या श्रमजीवी संघटनेने वेठबिगारांच्या मुक्तीसाठी याच कायद्याचा आधार घेतला. मजुराजवळ तारीखवार नोंद असेल, तर अशा तक्रारीला बळ येते. पाड्यावरील शिकलेल्या तरुणाने मोबाइलवरील साध्या तक्त्यात दर आठवड्याची खर्ची आणि विटांची संख्या लिहून ठेवली, तरी अर्धे काम झाले.

कायदा बदलला आहे

ऑनलाइन शिकणाऱ्यांनी सर्वाधिक सावध राहण्याची जागा म्हणजे कालबाह्य माहिती. २९ केंद्रीय कामगार कायद्यांच्या जागी आलेल्या चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आल्या. त्याआधी लिहिलेली असंख्य उत्तरे इंटरनेटवर जशीच्या तशी आहेत. म्हणून कोणतेही उत्तर वाचताना प्रथम त्याची तारीख पाहावी. काही ठळक तरतुदी अशा :

• वेतन संहितेनुसार किमान वेतनाचा हक्क सर्व कामगारांना आहे. वेतनाचा कालावधी एका महिन्याहून अधिक असता कामा नये. मासिक वेतन पुढील महिन्याच्या ७ तारखेपर्यंत द्यावे लागते. हंगामाअखेरच्या हिशेबाची रीत या कसोटीवर पारखून पाहावी.

• नोकरी सुटल्यास किंवा सोडल्यास देय वेतन दोन कामकाजी दिवसांत मिळावे. जादा कामाचा मोबदला दुप्पट दराने असावा.

• व्यावसायिक सुरक्षा संहितेने नियुक्तिपत्र देणे बंधनकारक केले आहे.

• ‘आंतरराज्य स्थलांतरित कामगार’ या व्याख्येत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणारेच मोडतात. मोखाड्याहून गुजरातेत गेलेल्या मजुराला त्यातील प्रवासभत्त्यासारखे लाभ मागता येतात. मोखाड्याहून भिवंडीला गेलेल्याला त्या व्याख्येचा उपयोग नाही. त्याला किमान वेतन आणि वेठबिगारविषयक तरतुदींचाच आधार घ्यावा लागतो.

• असंघटित कामगारांची ‘ई-श्रम’ नोंदणी ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झाली. तीत मिळणारा १२ अंकी क्रमांक आणि भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक या भिन्न गोष्टी आहेत.

मर्यादा आणि पथ्ये

या मार्गातील अडथळे दृष्टिआड करून चालणार नाही. बहुतेक व्यावसायिक समूहांची भाषा इंग्रजी आहे आणि त्यांतील चर्चा मोठ्या कंपन्यांभोवती फिरते. डोंगरातील पाड्यांवर मोबाइलचे जाळे भरवशाचे नसते. यावर उपाय म्हणजे एकट्याने न शिकता गटाने शिकणे. जव्हार आणि मोखाडा येथील महाविद्यालयांतील चार-पाच विद्यार्थ्यांनी आठवड्यातून एकदा एकत्र बसून व्याख्याने उतरवून घ्यावीत, एकाने कायद्याचे कलम वाचावे, दुसऱ्याने नोंदींचा तक्ता तयार करावा आणि इंग्रजी संज्ञांना मराठी, शक्य तर वारली किंवा कोकणा बोलीतील प्रतिशब्द शोधावेत. ‘अॅडव्हान्स’ला बयाणा आणि ‘पीस रेट’ला हजारी म्हणताच विषय घरातला होतो.

गोपनीयतेचे पथ्य तितकेच महत्त्वाचे. प्रश्न विचारताना कोणाचे आधार कार्ड, बँक पासबुक किंवा जॉब कार्ड यांचे छायाचित्र समूहात टाकू नये. मजुराचे नाव वगळून केवळ आकडे द्यावेत. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला असून माहिती देणाऱ्याची संमती हा त्याचा गाभा आहे. नोकरीच्या आमिषाने ‘नोंदणी शुल्क’ मागणाऱ्यांपासूनही दूर राहावे. समूहातील अनुभवी व्यक्तीचे मत हे वकिलाचा सल्ला नव्हे, याचाही विसर पडू नये. वाद निर्माण झाल्यास कामगार आयुक्तालय, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा वेठबिगारीच्या बाबतीत जिल्हाधिकारी आणि उपविभागीय अधिकारी यांच्याकडेच दाद मागावी लागते.

पुढील वाट

हा अभ्यास रोजगाराच्या दृष्टीनेही निरुपयोगी नाही. बोईसरजवळील तारापूर औद्योगिक वसाहत आणि वाडा-वसईकडील कारखाने याच जिल्ह्यात आहेत. वेतनपत्रके, भविष्य निर्वाह निधी आणि कर्मचारी विम्याची नोंद सांभाळणाऱ्यांची तेथे गरज भासते. ग्रामरोजगार सेवक, स्वयंसेवी संस्थांतील कार्यकर्ते आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांचे हिशेबनीस यांनाही हीच कौशल्ये लागतात. मुलाखतीत प्रमाणपत्र दाखविणारे अनेक असतात. शंभर हजेरीपत्रके तपासून त्यांतील विलंबाचा तक्ता मांडणारा उमेदवार विरळाच.

गिरणगावात जॉबरची सत्ता संपण्यास अनेक दशके लागली. त्यात कायद्याइतकाच वाटा हिशेब वाचता येणाऱ्या कामगारांचा आणि त्यांच्या संघटनांचा होता. जव्हार-मोखाड्यातील एखाद्या पाड्यावर पुढच्या हंगामाच्या आरंभी बयाण्याची रक्कम, विटांचा दर आणि परतीची तारीख कागदावर उतरवून त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या घेतल्या गेल्या, तर त्या पाड्याने मनुष्यबळ व्यवस्थापनाचा पहिला धडा पूर्ण केला, असे म्हणता येईल.